अहवालात नसलेले शिसे

ग्रामपंचायतीच्या फलकावर पाणी तपासणीचा अहवाल लावलेला असतो. त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिलेले असते, "पाणी पिण्यास योग्य." गावातले बहुतेक लोक तेवढीच ओळ वाचून पुढे जातात. पुढच्या वेळी त्याच्या वरच्या ओळीही वाचा, असे आम्ही गावोगावी सांगत असतो. सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, जंतू एवढ्या ओळी तुम्हाला सापडतील. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांच्या ओळी बहुधा सापडणार नाहीत. हे धातू आपल्या पाण्यात नाहीत म्हणून त्यांच्या ओळी नाहीत, असे कोणी समजू नये. ते कोणी मोजलेच नाहीत, म्हणून त्यांच्या ओळी नाहीत.

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचे किट हाताळायला शिकवायचे ठरले. हे किट आम्हाला मनापासून आवडते. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्यावरच्या रंगाशी ताडून पाहायचा. जंतूंसाठी एक वेगळी बाटली असते. ती काळी पडली की पाण्यात घाण मिसळते आहे हे समजते. ज्या पाण्याला हात लावायचाही हक्क आपल्या आज्यांना नव्हता, ते पाणी आज त्यांच्या नाती हातात धरून तपासतात, ही लहान गोष्ट नाही. पण किटची नजर ठरावीक गोष्टींपुरती आहे. शिशाचा जो अंश लेकराला बाधतो, तो किटमधल्या रंगाला दिसत नाही. जिल्हा पातळीवरच्या प्रयोगशाळांचे रोजचे कामही मुख्यतः नेहमीच्या घटकांपुरते असते. जड धातूंसाठी नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो, आणि कोणी मागितल्याशिवाय तो जात नाही.

न मोजल्याने काय होते, त्याचे सर्वांत मोठे उदाहरण बांगलादेशाचे आहे. तिथे तळ्यातल्या घाण पाण्याने लेकरे जुलाबाने दगावत होती, म्हणून लाखो हापसे बसवले गेले. जुलाबाची साथ कमी झाली. १९९२ साली ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तिथल्या काही विहिरींचे पाणी तपासून अहवाल दिला. त्यात कितीतरी मूलद्रव्ये मोजलेली होती, पण आर्सेनिक नव्हते. पुढे कळले की लाखो हापशांच्या पाण्यात आर्सेनिक आहे, आणि लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर त्याच्या गाठी उठू लागल्या आहेत. एका आजारी गावकऱ्याने त्या संस्थेवर थेट ब्रिटनमध्ये दावा लावला. २००६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने तो फेटाळला. गावकऱ्यांना पाणी सुरक्षित असल्याची हमी देण्याची जबाबदारी संस्थेवर नव्हती, असा त्या निकालाचा मथितार्थ. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. आमच्यासारख्या दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बायांना मात्र एकच दिसते. अहवाल वाचणाऱ्याला कोरी जागा दिसली आणि कोऱ्या जागेचा अर्थ त्याने "नाही" असा लावला.

आपला धाराशिव जिल्हा म्हणजे बंगालचा गाळाचा प्रदेश नव्हे, हेही सांगायला हवे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. तेरणा, मांजरा, सीना या नद्यांच्या काठी आर्सेनिकची तशी साथ येईल असे भय आम्ही घालत नाही. मराठवाड्यातल्या भूजलाची ओळखीची दुखणी म्हणजे नायट्रेट, आणि काही ठिकाणी फ्लोराइड. खताचा, उकिरड्याचा आणि मैल्याचा निचरा विहिरीत झिरपला की नायट्रेट वाढते. मग आम्ही शिशाचा विषय का काढला? कारण शिसे खडकातूनच आले पाहिजे असे नाही. ते नळातूनही येते.

पीव्हीसी पाइप तयार करताना तो उष्णतेने बिघडू नये म्हणून आपल्या देशात वर्षानुवर्षे शिशाची संयुगे मिसळली जात होती. पाइप नवा असताना त्यातले शिसे पाण्यात उतरते, पुढे प्रमाण कमी होते. केंद्र सरकारने २०२१ साली यावर नियम काढले. पण नियमाआधी जमिनीत गाडलेला पाइप कोणी उकरून काढत नाही. शिवाय पितळी तोट्या आहेत, जुने डाग आहेत. आता यात आपली वस्ती कुठे येते ते पाहा. पाण्याची टाकी गावात, जलवाहिनी गावातून फिरून शेवटी आपल्याकडे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी सर्वांत लांबच्या पाइपातून, सर्वांत कमी दाबाने आणि सर्वांत उशिरा येते. पाइपात पाणी जितके जास्त वेळ थांबते, तितके ते पाइपातले ओढून घेते. आणि तपासणीचा नमुना घेतला जातो तो बहुतेक वेळा विहिरीवर, बोअरवर किंवा टाकीपाशी.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. त्या हक्काला आज एक जोड द्यावी लागेल. ओंजळीतल्या पाण्यात काय आहे हेही आपल्याला कळले पाहिजे.

किती शिसे घातक, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. कॅडमियमची मर्यादा ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून आम्ही टँकरचा हिशोब सांगतो. उन्हाळ्यात आपल्या वस्तीवर येतो त्या दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये गव्हाच्या अडीच दाण्यांच्या वजनाइतके शिसे विरघळले, की मर्यादा गाठली. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते. तुरटीवर किंवा फडक्याने गाळण्यावर भरवसा ठेवून बसता येत नाही.

शरीरात गेलेले शिसे रक्तातून हाडांत जाते आणि कॅल्शियमच्या जागी ठाण मांडून बसते, वर्षानुवर्षे. बाई गरोदर राहिली, अंगावर पाजू लागली, की हाडे झिजतात आणि ते साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरून बाळापर्यंत पोचते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातला साधारण दहावा भाग अंगात मुरतो, लहान लेकराच्या बाबतीत जवळजवळ निम्मा मुरू शकतो. पोट रिकामे असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. म्हणजे जी बाई आधीच पांढरीफटक आहे, जे लेकरू आधीच अशक्त आहे, त्यालाच शिसे जास्त धरते. शिवाय शिसे रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्याच्या कामातच अडथळा आणते. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नाही असे आढळले, तर जंत, जेवण, पाळी यांच्या बरोबरीने हेही कारण डॉक्टरांच्या कानावर घालायला हरकत नाही. लेकरांच्या बाबतीत पहिली खूण अंगावर दिसतच नाही. अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड, पोट दुखते, बोलायला उशीर. मग शाळेत शेरा मिळतो की या घरची पोरे अशीच. या शेऱ्याचा इतिहास आपल्याला वेगळा सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले, की ते कुठून येते हे शोधून ते बंद करावे, असे संघटना २०२१ पासून सांगते. जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे या पातळीला किंवा वर असल्याचा अंदाज २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी मांडला. औषध देऊन शिसे बाहेर काढण्याचा उपचार फक्त फार वाढलेल्या रुग्णांसाठी असतो. बाकी सर्वांसाठी उपाय एकच, स्रोत शोधणे. आणि शोधायचे तर मोजावे लागते.

हे मोजतात कसे, ते समजून घेऊ. विज्ञानाच्या नावाने घाबरायचे कारण नाही, ही गोष्ट चुलीपाशीच सुरू होते. भात उतू जाऊन मिठाचे पाणी जाळावर सांडले की ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. १४ एप्रिलच्या रात्री आकाशात फुटणाऱ्या दारूकामातला हिरवा रंग बेरियमचा आणि लाल स्ट्रॉन्शियमचा. मूलद्रव्य तापले की ते स्वतःचा ठरलेला प्रकाश देते, आणि एकाचा प्रकाश दुसऱ्यासारखा नसतो. अंगठ्याच्या ठशासारखेच ते. जर्मनीत बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी १८६० साली हा प्रकाश लोलकातून पाहून सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधले आणि पुढच्या वर्षी रुबिडियम. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच रीतीने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश तपासला गेला. एक शास्त्रज्ञ गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता, दुसरा आपल्या शेजारच्या जमखंडीला. सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते कळते, तर हंड्यात काय आहे ते कळायला अडचण काय?

अडचण तापमानाची आहे. चुलीच्या किंवा गॅसच्या ज्योतीत सोडियम लगेच चमकते. शिसे, कॅडमियम यांचा थोडासा अंश चमकवायला ज्योत पुरत नाही. त्यासाठी प्लाझ्मा लागतो. वायूला वीज देऊन इतके तापवायचे, की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. ही अवस्था म्हणजे प्लाझ्मा. आकाशातली वीज प्लाझ्मा आहे, वेल्डिंगची ठिणगी प्लाझ्मा आहे, ट्यूबलाइटच्या आतला उजेडही प्लाझ्माच.

इथे एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. किती तापल्यावर कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन सोडतील, आणि म्हणून कोणता प्रकाश दिसेल, याचे समीकरण १९२० साली डॉ. मेघनाद साहा यांनी मांडले. तारे असोत की प्रयोगशाळेतले प्लाझ्मा यंत्र, जगभरचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. साहांचा जन्म १८९३ चा, ढाक्याजवळच्या खेड्यातला. वडील किराणा दुकानदार. शिकायला कलकत्त्याला गेले तेव्हा ईडन हिंदू होस्टेलमधल्या उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. तारे कशाचे बनले आहेत हे सांगू शकणाऱ्या माणसाला एका ताटाच्या रांगेत जागा नव्हती! आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत साहा होते. त्या नदीच्या खोऱ्याच्या योजनेसाठी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पाणी हा विज्ञानाचा आणि नियोजनाचा विषय आहे, हे दोघांनीही ओळखले होते. १९५६ या एकाच वर्षाने दोघांनाही नेले.

आता यंत्राकडे येऊ. आज मोठ्या प्रयोगशाळांत पाण्यातले धातू मोजायला जे प्लाझ्मा यंत्र वापरतात, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून आयसीपी म्हणतात. त्याच्या काचेच्या नळीत आर्गॉन वायूचा प्लाझ्मा पेटवतात, सहा ते दहा हजार अंश तापमानाचा. पाण्याचे बारीक तुषार त्यात सोडले की पाण्यातले सगळे धातू एकदम आपापला प्रकाश देतात. यंत्र तो प्रकाश वेगवेगळा करून मोजते. काही मिनिटांत वीस-पंचवीस मूलद्रव्यांचा हिशोब हातात येतो. यंत्र उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याची भूक फार आहे. नुसता प्लाझ्मा पेटता ठेवायला एक ते दीड किलोवॅट वीज लागते. त्याला थंड ठेवणारे यंत्र, वातानुकूलित खोली, धूर खेचणारा पंखा वेगळे. आर्गॉन मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपास जातो, म्हणजे मोठा सिलिंडर एका कामाच्या दिवसात रिकामा. वीज खंडित झाली की काम थांबले. परंडा, भूम किंवा लोहाऱ्याला असे यंत्र कोणी बसवत नाही, याचे कारण नुसती उदासीनता आहे असे म्हणता येत नाही. यंत्राचा स्वभावच शहरी आहे.

म्हणून कमी विजेवर चालणाऱ्या प्लाझ्माचा शोध महत्त्वाचा वाटतो. हंगेरीत बुडापेस्टला चेर्फाल्वी आणि मेझेई या शास्त्रज्ञांनी १९९३ साली एक साधी युक्ती जगापुढे ठेवली. सांडपाण्यातले जड धातू जागेवरच, सतत मोजता यावेत हा त्यांचा हेतू होता. काचेच्या बारीक नळीतून नमुन्याचे पाणी वर ढकलायचे, तोंडाशी ते ओसंडून वाहत राहिले पाहिजे. पाण्यात आधी थोडे आम्ल मिसळायचे, म्हणजे त्यातून वीज वाहते. पाण्याच्या वर काही मिलिमीटरवर टंगस्टनची काडी धरायची आणि दोघांमध्ये सुमारे हजार व्होल्टचा दाब द्यायचा. काडी आणि पाणी यांच्यामध्ये उघड्या हवेतच एक छोटी ठिणगी स्थिर तेवत राहते. पाणी स्वतःच विजेचे एक टोक बनते. पाण्यातले धातूचे अणू वर ठिणगीत उडतात आणि आपला रंग दाखवतात. शिसे असेल तर शिशाचा, कॅडमियम असेल तर कॅडमियमचा. आर्गॉन लागत नाही, तुषार करणारे यंत्र लागत नाही, आणि ठिणगीला लागणारी वीज साधारण सत्तर वॅट, म्हणजे घरातल्या छताच्या पंख्याइतकी. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात हिच्या सुधारित रूपाने शिशाचे मोजमाप लिटरला काही मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणले. आपली मर्यादा दहा मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे काठावर का होईना, कामाला येण्याजोगे.

हे काम परदेशातच चालले आहे असेही नाही. भाभा अणु संशोधन केंद्राचे एक विश्लेषण केंद्र हैदराबादला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी याच ठिणगीने पारा आणि इतर मूलद्रव्ये मोजून शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. हैदराबाद आपल्याला परके नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आपला जिल्हा होता, उस्मानाबाद हे नाव शेवटच्या निजामाचेच. पूर्वी आपल्याकडचा शेतसारा त्या शहरात जात होता. आता तिथले एखादे यंत्र इकडे आले तर हिशोब थोडा तरी जुळेल, असे आमच्यातली एक जण हसत म्हणते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात बॅटरीवर चालणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लाझ्मावरही काम झाले आहे. पण ही यंत्रे उद्या तालुक्याला येणार, असे चित्र आम्ही रंगवणार नाही. यातले बरेच काम अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. शिवाय या ठिणगीच्या मर्यादा आहेत. आर्सेनिक तिला नीट दिसत नाही. ते आधी रासायनिक क्रियेने वायुरूप करून द्यावे लागते. पाऱ्याची मर्यादा इतकी बारीक आहे की त्यालाही अशी जादा तयारी लागते. पाण्यात कॅल्शियम आणि क्षार जास्त असतील तर ठिणगी बिचकते आणि आकडा चुकू शकतो. आपल्या बोअरचे पाणी किती जड असते ते डाळ शिजवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नायट्रेट आणि फ्लोराइड, आपली दोन ओळखीची दुखणी, या प्रकाशात दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी किट आणि जिल्ह्याची प्रयोगशाळाच हवी. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तान्ह्या बाळाला वरचे दूध त्या पाण्यात कालवून देऊ नये, उकळूनसुद्धा नाही. फ्लोराइड १.५ च्या वर असेल तर दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडे आखडतात. एखादा विक्रेता एकाच यंत्राने सगळे दाखवतो म्हणाला, तर त्याला याबद्दल विचारा. त्याचा दुसरा शब्द काय निघतो ते पाहा.

मोजणारे यंत्र जागेवर गेले की काय होते याचा पुरावाही बांगलादेशातूनच आला आहे, हे बरे झाले. तिथे हळकुंडाला पिवळी चमक यावी म्हणून व्यापारी शिशाचे क्रोमेट चोळत. २०१९ साली तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडले. मग अधिकारी हातात धरायचे यंत्र घेऊन थेट बाजारात गेले. ते यंत्र क्ष-किरणांचे होते, प्लाझ्माचे नव्हते. पण दुकानासमोर, लोकांसमोर आकडा दिसला. दंड झाले, वर्तमानपत्रांत आले. २०२१ पर्यंत भेसळीचे नमुने शून्यावर आले. आपल्याकडेही हळदीत शिशाचे क्रोमेट असण्यावर अन्न सुरक्षा नियमांत बंदी आहे. बंदी राबवायला मोजणारा हात लागतो.

पाण्याशिवाय शिसे आणखी कुठून घरात येते, तेही थोडक्यात. भंगारातून ओतलेली स्वस्त भांडी, स्वस्त कल्हई, बिनमार्क्याचे काजळ आणि सुरमा, जुना पोपडे निघालेला रंग, आणि घराच्या अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम. शेवटचे सर्वांत वाईट. आपल्या समाजातले काही जण पोटासाठी भंगाराचे काम करतात. ते काम घरापासून दूर करा, कपडे तिथेच बदला, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. शिसे ही काही नवी वस्तू नाही. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती. आपल्या तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत, कधी लेकरांना घेऊन जाल तर बघून या.

आता गावाने करायचे ते. ग्रामसभेत ठराव मांडा, की पाणी तपासणीत यंदा एकदा तरी शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक मोजावे आणि एक नमुना वस्तीच्या शेवटच्या नळाचा असावा. तपासणीसाठी जलजीवन मिशनच्या प्रयोगशाळा सर्वसामान्य माणसालाही खुल्या आहेत. तिथे धातू मोजत नसतील तर नमुना पुढे कुठे पाठवता, हे लेखी विचारा. अहवाल आला की प्रत्येक घटकापुढे आकडा आहे का ते पाहा. "आढळले नाही" असे लिहिले असेल, तर किती कमी अंशापर्यंत यंत्र पाहू शकते तेही मागा. जे यंत्र लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली पाहू शकत नाही, त्याच्या "आढळले नाही" वर लेकराचे पाणी ठरवता येत नाही.

नमुना घेण्याच्या बाबतीत आम्ही जरा हट्टी आहोत. दवाखान्यात चुकीच्या नळीत घेतलेले रक्त फेकून द्यावे लागते, तसेच पाण्याचे आहे. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, आणि ती बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचली पाहिजे. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली. तिच्यात प्रयोगशाळेने दिलेल्या नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि आकडा खोटाच कमी येतो. फ्लोराइड, नायट्रेटसाठी तिसरी बाटली, बिनआम्लाची. एकाच बिसलरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेले आणि सगळ्या तपासण्या झाल्या असे कोणी सांगितले, तर मान्य करू नका. लेकराचे रक्त तपासायचे असेल तेव्हाही तेच. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरच्या धुळीतले शिसे मिसळू शकते, म्हणून जास्त आकडा आला तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा खात्री करायची असते.

वस्तीच्या नळावर दोन बाटल्या भरा. पहिली नळ सुटल्या सुटल्या, दुसरी पाणी पाच-सात मिनिटे वाहून गेल्यावर. बाटल्यांवर वेळ लिहा. पहिलीत शिसे जास्त आणि दुसरीत कमी निघाले, तर दोष पाइपाचा किंवा तोटीचा. दोन्हीत सारखेच निघाले तर टाकीपर्यंत आणि विहिरीपर्यंत मागे जावे लागेल. आपल्याकडे नळ रोज येत नाही, चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी येतो. एवढे दिवस पाणी पाइपातच थांबलेले असते. तेव्हा अहवाल येईपर्यंत नळ आला की पहिली बादली धुण्या-भांड्यांसाठी बाजूला ठेवा, ती फेकायची नाही. पिण्याची घागर त्यानंतर लावा.